म्युटिनी, स्ट्राइक, बंड, उठाव : फेब्रुवारी १९४६ ला मराठीत काय म्हणायचं?

किनारपट्टी

नमस्कार मंडळी.

आमच्या भागातल्या वाचनालयासाठी मी फेब्रुवारी १९४६ च्या, रॉयल इंडियन नेव्हीतल्या हिंदी नाविकांच्या लढ्यावर एक मोठा लेख लिहिते आहे. मुंबईत घडलेली, मुंबईकरांनी रक्त सांडलेली गोष्ट, पण साधनं बहुतेक इंग्रजीत. आणि त्यांत पानोपानी एक शब्द: 'म्युटिनी'. मराठीत सरसकट 'बंड' लिहून पुढे जाता आलं असतं. पण तसं करवेना, म्हणून हा धागा.

आधी शब्दाची कुळकथा. 'म्युटिनी' इंग्रजीत आला सोळाव्या शतकात, फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये 'म्युतँ' म्हणजे न जुमानणारा, त्याच्या मागे जुन्या फ्रेंचमधलं 'म्युएत' म्हणजे खळबळ, उठाव, आणि त्याच्याही मागे लॅटिन 'मोवेरे', म्हणजे हलणे, हलवणे. इंग्रजीतले मूव्ह, मोशन, मोटर, इमोशन हे सगळे त्याच घरचे. आपल्या खिशातला मोबाइलसुद्धा. गर्दीला तुच्छतेने म्हणतात तो 'मॉब'ही त्यातलाच: 'मोबिले वुल्गुस' म्हणजे चंचल जमाव, या लॅटिन शब्दांचं सतराव्या शतकात झालेलं लघुरूप. म्हणजे ज्याने जागच्या जागी उभं राहायला हवं तो हलला, एवढाच मुळातला अर्थ. हलला हा गुन्हा, हे पुढे हुकूम देणाऱ्याने ठरवलं.

माझा पेच इथेच आहे. 'म्युटिनी' हा शब्द ज्याचा हुकूम मोडला गेला त्याच्या तोंडचा आहे. १९४६ च्या पोरांनी स्वतःसाठी तो वापरला नाही. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शाळेतल्या नाविकांनी खडे असलेली डाळ आणि निकृष्ट अन्न नाकारलं आणि कामावर जायला नकार दिला. 'नो फूड, नो वर्क' ही त्यांची घोषणा होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी समिती निवडली. अध्यक्ष सिग्नलमन एम. एस. खान, उपाध्यक्ष टेलिग्राफिस्ट मदन सिंग, आणि समितीचं नाव 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. स्ट्राइक! लष्करी कायद्याखाली काम करणाऱ्या माणसाला संप करण्याचा हक्क नसतो हे त्यांना पुरतं माहीत होतं, तरीही त्यांनी हाच शब्द घेतला.

आणि ज्या योगायोगामुळे मी हा लेख लिहायलाच बसले तो हा की 'स्ट्राइक' हा शब्द इंग्रजीला दिला तोच मुळी खलाशांनी. १७६८ साली लंडनला टेम्स नदीत उभ्या असलेल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनी पगारवाढीसाठी जहाजांची वरची शिडं उतरवून ठेवली. शीड उतरवणे म्हणजे 'टू स्ट्राइक सेल'. शीडच खाली म्हटल्यावर मालकाने कितीही आदळआपट केली तरी जहाज जागचं हलत नाही. तिथून काम बंद ठेवण्याला 'स्ट्राइक' म्हणू लागले. पुढे तो शब्द कोळशाच्या खाणीत गेला, कापडगिरणीत गेला, गिरणगावात येऊन 'संप' झाला, आणि १९४६ मध्ये मुंबईच्या बंदरात पुन्हा खलाशांच्या हाती आला.

आता गंमत नाही, गंभीरपणे विचारते आहे: मराठीत काय लिहायचं? बंड, उठाव, संप, की अजून काही? कारणासकट सांगा.

परळचा_पोरगा

वा ताई, चांगला विषय काढलात.

आमची आजी २२ फेब्रुवारीबद्दल सांगायची. ती तेव्हा लग्न होऊन नुकतीच लालबागला आली होती. तिच्या तोंडी कायम 'नेव्हीवाल्यांचा संप'. कम्युनिस्ट पक्षाने शहरात संपाची हाक दिली होती, काँग्रेस आणि लीगच्या वरिष्ठ पुढाऱ्यांचा विरोध असूनही गिरण्या बंद पडल्या. लष्कराच्या गाड्या रस्त्यावरून फिरत होत्या. चाळीतल्या बायकांनी गॅलरीतली मुलं आत ओढली, गाद्यांच्या वळकट्या दारा-खिडक्यांशी लावल्या आणि सगळे मधल्या खोलीत जमिनीवर बसून राहिले. स्टो पेटवायचीही भीती, आवाज होईल म्हणून. आजी सांगायची, घरात पाण्याचा हंडा भरलेला होता म्हणून निभावलं, नळ खाली चौकात होता.

त्याच दिवशी परळला गोळीबारात कमल दोंदे गेल्या. परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या. कुसुम रणदिवे त्यांच्यासोबत होत्या, त्यांच्या पायाला गोळी लागली. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. ती नौदलात नव्हती. त्यांच्यावर 'म्युटिनी'चा कायदा लागू नव्हता. ज्यांनी दुकानं बंद केली, अपोलो बंदरावर नाविकांसाठी जेवणाचे डबे आणि फळं नेली, रस्त्यात उभे राहिले, त्यांना बंडखोर म्हणायचं तर कोणत्या हिशेबाने?

म्हणून माझं मत 'संप'. आमच्या भागात तो शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ब्याऐंशीचा संप पाहिलेली माणसं अजून आहेत.

अक्षरओळख

विषय उत्तम, पण किनारपट्टीताई, तुमच्या मांडणीत एक गृहीत आहे ते मला मान्य नाही. 'बंड' हा मराठी शब्द 'म्युटिनी'सारखा मालकाच्या तोंडचा नाही. निदान आता उरलेला नाही.

वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये केलं त्याला मराठी माणूस 'बंड'च म्हणतो आणि त्याच वाक्यात त्यांना आद्य क्रांतिकारकही म्हणतो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही. उमाजी नाईकांचं बंड, रामोशांचं बंड, हे शब्द आपण मान खाली घालून उच्चारत नाही. संतांनी कर्मकांडाविरुद्ध बंड केलं असं शाळेच्या निबंधात लिहिलं जातं आणि मास्तर त्याला गुण देतात. 'बंडखोर कवी' ही शिवी नव्हे. एखाद्याने घराण्याची रीत मोडून लग्न केलं तर 'तिने बंड केलं' म्हणताना सांगणाऱ्याच्या आवाजात बहुतेकदा कौतुक असतं.

इंग्रजांनी वापरला म्हणून आपला चांगला, धारदार शब्द टाकून द्यायचा हे मला पटत नाही. 'उठाव' हा मला थोडा पुस्तकी वाटतो. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांनी सोयीचा म्हणून घेतला आणि आता सगळीकडे तोच चिकटवतात.

किनारपट्टी

@अक्षरओळख, हे मी मनावर घेते. पण एक भेद सांगते. फडक्यांचं बंड हे सरकारविरुद्धचं बंड. नोकरीत असलेल्याने वरिष्ठाविरुद्ध केलेलं, ते वेगळं. सत्तावन्नला आपण सुरुवातीला 'शिपायांचं बंड' म्हणत होतो. त्यात 'शिपायांचं' हा शब्दच अर्थ लहान करत होता: पलटणीतली भानगड, देशाची नव्हे. सावरकरांनी १९०९ मधल्या ग्रंथाच्या नावात 'स्वातंत्र्यसमर' घातलं ते याच कारणासाठी. 'नाविकांचं बंड' म्हटलं की मला तेच होताना दिसतं. कमल दोंदे त्या शब्दात मावत नाहीत.

@परळचा_पोरगा, आजीची आठवण लेखात घेऊ का? नाव न घालता.

परळचा_पोरगा

घ्या की. तिला आवडलं असतं.

सनद_आणि_कलम

कायद्याच्या बाजूने थोडं. तिथे 'म्युटिनी' हा नुसता विशेषणासारखा शब्द नाही, तो मोजूनमापून केलेला गुन्हा आहे.

इंग्लंडात १६८९ मध्ये पहिला 'म्युटिनी ॲक्ट' झाला. इप्सविचला एका पलटणीने नव्या राजाविरुद्ध बंड केलं, त्यानंतर घाईने केलेला कायदा. गंमतीचा भाग असा की तो ठरावीक मुदतीचा असे आणि पार्लमेंटला तो पुन्हा पुन्हा मंजूर करावा लागे. म्हणजे शिपायाला शिक्षा करण्याचा राजाचा अधिकारच पार्लमेंटच्या हातात राहिला. सुमारे दोनशे वर्षं हे चाललं. शिपायाला वेसण घालणारा कायदा राजालाही वेसण घालत होता.

आपल्या १९५७ च्या नौदल कायद्यात कलम ४२ मध्ये व्याख्या आहे. तिचा गाभा असा: दोन किंवा अधिक जणांनी मिळून कायदेशीर अधिकाराला विरोध करणे, तो झुगारणे, किंवा शिस्त मोडेल अशा रीतीने आज्ञा न मानणे. 'दोन किंवा अधिक' हे महत्त्वाचं. एकट्याने आज्ञा मोडली तर ती अवज्ञा, त्याचं कलम वेगळं. दोघांनी मिळून मोडली की गुन्ह्याची जातच बदलते. कायद्याला भीती आज्ञाभंगाची कमी आणि एकजुटीची जास्त वाटते, हे त्या व्याख्येतच लिहिलेलं आहे.

म्हणून 'संप' म्हणणं भावनेला धरून असेल, पण कायद्याने ते 'म्युटिनी'च होतं, आणि आज घडलं तरी तेच ठरेल. लेखात ही बाजूही यावी. सशस्त्र दलात आज्ञा मानायची की नाही हे प्रत्येकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. स्वतंत्र भारतानेही सोडलेलं नाही.

जहाजी

मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो. आता माझगावला राहतो. किनारपट्टी, १७६८ ची गोष्ट तुम्ही आणलीत म्हणून लिहायला बसलो.

'स्ट्राइक' या क्रियापदाचा दुसरा अर्थही समुद्रावरचाच आहे. लढाईत हार मानताना निशाण उतरवतात ते 'टू स्ट्राइक द कलर्स'. एकाच क्रियापदात नकारही आणि शरणागतीही. १९४६ मध्ये दोन्ही झालं. जहाजांवरून युनियन जॅक उतरले आणि काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे चढले. २३ तारखेच्या सकाळी शरणागतीचे काळे झेंडे.

आता १७९७ चं सांगतो, कारण त्याशिवाय 'म्युटिनी' या शब्दाचा वकूब कळत नाही. त्या एका वर्षात ब्रिटिश नौदलात दोन मोठ्या घटना झाल्या. पहिली पोर्टस्मथजवळच्या स्पिटहेडला, एप्रिल-मेमध्ये. नाविकांचा पगार १६५८ पासून वाढलेला नव्हता. शिवाय जहाजावरचा भांडारी रसद देताना पौंडाला सोळाऐवजी चौदा औंस मोजायचा, उरलेले दोन औंस नासाडीच्या नावावर. मागण्या साध्या होत्या: पगार वाढवा, पौंड पुरता मोजा. शिस्त इतकी चोख होती की फ्रेंच आरमार बाहेर पडलं तर आम्ही लढायला जाऊ असं नाविकांनी आधीच कळवलं होतं. सरकारने मागण्या मान्य केल्या आणि सगळ्यांना माफी दिली.

दुसरी लगेच त्यानंतर, टेम्सच्या मुखाशी नोअरला. तिथे मागण्या पुढे गेल्या, राजकीय झाल्या, लंडनचा व्यापार अडवला गेला. ती चिरडली. पुढारी रिचर्ड पार्करला जहाजाच्या डोलकाठीवर फाशी दिली.

इतिहासात दोन्हींचं नाव 'म्युटिनी'च. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर स्पिटहेड हा सरळसरळ यशस्वी संप होता. शब्दावरून काय घडलं ते कळत नाही, फक्त कुणाविरुद्ध घडलं ते कळतं.

अवांतर: खलाशी अर्ज करताना सह्या गोल वर्तुळात करायचे, म्हणजे पहिली सही कुणाची ते कळत नाही आणि पुढारी म्हणून कुणाला उचलता येत नाही. त्याला 'राउंड रॉबिन' म्हणत. कॅरम आणि क्रिकेटच्या स्पर्धांत आपण तो शब्द वापरतो, सह्यांचा हा गोल त्याच्या पूर्वपीठिकेत आहे. सनद_आणि_कलम यांनी सांगितलेल्या 'दोन किंवा अधिक'वरचा तो उतारा होता.

दर्याची_लेक

चौदा औंसाचा पौंड आणि खड्यांची डाळ! दीडशे वर्षांनी तीच तक्रार. वाचनखूण साठवली.

मोडीवाचक

फारसी-अरबीच्या बाजूने भर घालतो.

उत्तर हिंदुस्थानात सत्तावन्नला 'गदर' म्हणतात. अरबीत 'गद्र' म्हणजे विश्वासघात. आपण शिवीसारखा वापरतो तो 'गद्दार' त्याच धातूचा. म्हणजे तिथेही शब्द धन्याच्या बाजूचाच होता. पण १९१३ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोत हिंदुस्थानी देशभक्तांनी वर्तमानपत्र काढलं आणि त्याचं नाव छातीठोकपणे 'गदर' ठेवलं. शत्रूने दिलेला शब्द उचलून आपलं निशाण केलं. मराठीतला 'फितूर' मात्र तसा सुटला नाही, तो अजून डागाळलेलाच आहे.

इंग्रजीतला 'डिफायन्स', म्हणजे उघड अवज्ञा, हाही पाहा. लॅटिन 'फिदुस' म्हणजे विश्वासू, इमानी. त्याला मागे घेण्याचा उपसर्ग लागला. मध्ययुगीन युरोपात मांडलिक आपल्या धन्याला रीतसर कळवायचा की तुझ्याशी असलेलं इमान मी आजपासून परत घेतो. त्याचा तो शब्द. अवज्ञेआधी इमान होतं, हे त्या शब्दातच कबूल आहे.

आपल्याकडे हे सगळं मिठात आलं आहे. खाल्ल्या मिठाला जागणे, नमकहराम, निमकहलाल. शिपायाचं इमान ताटातून मोजायची रीत आपल्याकडे जुनी. कंपनी सरकारनेही ती उचलली, 'ज्याचं मीठ खाल्लं' ही भाषा देशी पलटणींशी बोलताना साहेबही वापरत. म्हणून 'तलवार'वरच्या नाविकांनी पहिल्यांदा जेवण नाकारलं ही गोष्ट मला फार मोठी वाटते. अन्न वाईट होतं हे खरंच. 'तलवार'चा प्रमुख कमांडर किंग त्यांना घाणेरड्या शिव्या देत असे हेही खरं. पण ताट नाकारलं की मिठाचा हिशेबच संपतो. आता कोण कुणाला नमकहराम म्हणणार?

मुंबईपुरतं अजून एक. १५ ऑक्टोबर १८५७ ला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघा शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. पोलीस अधिकारी फोर्जेटने सोनापूरच्या एका घरातल्या बैठकांवर पाळत ठेवून कट उघडकीला आणला होता. बेत तडीस गेलाच नव्हता. तरी शिक्षा बंडाची. आज आझाद मैदानात रोज कुणी ना कुणी धरणं धरून बसलेलं असतं. तिथे जाणाऱ्यांना ही दोन नावं माहीत असावीत असं मला मनापासून वाटतं.

सनद_आणि_कलम

मोडीवाचक, मिठाचा मुद्दा अप्रतिम. शपथ आणि अन्न, दोन्ही करारच.

अक्षरओळख

+१. आणि 'गदर'चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हे नोंदवतो! शत्रूचा शब्द टाकायचा नाही, हिसकावून घ्यायचा.

अजून एक पुरावा देतो. 'तलवार'वर 'क्विट इंडिया' आणि 'जय हिंद' रंगवल्याबद्दल बलाई चंद्र दत्त यांना पकडलं होतं. त्यांच्या अटकेने ठिणगी पडली असं बरेच जण मानतात. त्यांनी पुढे आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'म्युटिनी ऑफ द इनोसंट्स'. ज्या माणसाने भोगलं त्यानेच 'म्युटिनी' शब्द नावात घातला. त्याला जर तो अपमान वाटला नाही तर आपण का वाटून घ्यायचा?

किनारपट्टी

दत्तांच्या पुस्तकाचं नाव मीही त्याच बाजूने वाचत आले होते. पण त्यात 'इनोसंट्स' आहे ना. निष्पापांची म्युटिनी. कायद्याच्या पुस्तकात ही जोडीच बसत नाही, म्युटिनी केली म्हणजे निष्पाप कसला? मला वाटतं त्यांनी तो शब्द स्वीकारला नाही, शेजारी दुसरा शब्द बसवून त्याचं वजन काढून घेतलं. मराठीत हे साधेल असं शीर्षक मला सुचलेलं नाही. 'निरपराधांचं बंड' म्हटलं तर तितकं टोचत नाही, कारण तुम्ही म्हणता तसं आपला 'बंड' आधीच बराच उजळला आहे. म्हणजे तुमचा मुद्दाच सिद्ध होतो आणि त्यानेच तो शब्द मला इथे अपुरा पडतो.

दर्याची_लेक

एक प्रश्न. जानेवारी १९४६ मध्ये हिंदुस्थानात असलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या लोकांनीही काम बंद केलं होतं ना? युद्ध संपलं, आम्हाला घरी जाऊ द्या म्हणून. त्याला काय म्हणतात?

जहाजी

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस पोरी. कराचीच्या ड्रिग रोड तळावर सुरू झालं आणि सिलोन, सिंगापूरपर्यंत पसरलं. सैन्यातली माणसं, युनिफॉर्मातली, सरळ कामावर न जाणारी. कायद्याच्या व्याख्येत चोख बसणारी म्युटिनी. पण इतिहासात ती बऱ्याचदा 'आरएएफ स्ट्राइक्स' म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी, महिन्याभराच्या अंतराने. गोऱ्या वैमानिक दलाचा 'संप' आणि काळ्या खलाशांची 'म्युटिनी'.

सनद_आणि_कलम

एवढं सरळ नाही. हवाई दलातल्याही काही जणांवर कोर्ट मार्शल झाले आणि शिक्षा सुनावल्या गेल्या. पण नावापुरतं तुमचं खरं आहे. आणि वागणुकीपुरतंही बऱ्याच अंशी. तिथे तोफा रोखल्या गेल्या नाहीत. इथे रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून सुनावलं की सगळं बळ वापरू, मग त्यात ज्या नौदलाचा अभिमान बाळगला ते नष्ट झालं तरी चालेल.

परळचा_पोरगा

मग झालंच की ताई. त्यांच्या पोरांनी केला तो स्ट्राइक असेल तर आपल्या पोरांनी केला तोही स्ट्राइकच. संप लिहा.

मोडीवाचक

'संप'ला माझी एकच हरकत. मागण्यांची यादी पाहा. चांगलं अन्न, ब्रिटिश नाविकांइतका पगार, कमांडर किंगवर कारवाई: इथवर संप. पण त्याच यादीत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आहे आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावण्याची मागणीही आहे. दुसऱ्या देशातली माणसं दाबायला आम्हाला पाठवू नका, असं विशी-बाविशीतली पोरं म्हणत होती. हे पगारवाढीच्या शब्दात कसं बसवणार?

'चळवळ' या शब्दाचा विचार केलात का? किनारपट्टींनी 'मोवेरे' म्हणजे हलणे हे मूळ सांगितलं तेव्हापासून डोक्यात आहे. इंग्रजीत 'मूव्हमेंट' आणि 'म्युटिनी' एकाच आईची लेकरं, एक घरी मान मिळवून राहिलं, दुसऱ्याला हाकललं. मराठीतही चळवळीच्या मुळाशी चळणं, म्हणजे हलणं आहे. घरातल्या स्वस्थ न बसणाऱ्या पोराला आजही 'चळवळ्या' म्हणतात. त्याच शब्दाला आपण सार्वजनिक जीवनात केवढा मान दिला! तो मान इंग्रजांनी 'म्युटिनी'ला कधी दिला नाही.

किनारपट्टी

मोडीवाचक, हे लेखात जाणार. तुमच्या नावाने, म्हणजे या टोपणनावाने.

पण पाच-सहा दिवसांच्या घटनेला 'चळवळ' म्हणणं कानाला जड जातं. चळवळीला काळ लागतो. 'उठाव'मध्ये मात्र शरीराची हालचाल आहे: बसलेला उठला. ताटावरून उठला. अक्षरओळख यांना तो पुस्तकी वाटतो, मला इथे तो अगदी शब्दशः खरा वाटतो. कुलाब्यातल्या स्मारकासाठीही 'अपरायझिंग' हाच शब्द घेतला आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. २१ तारखेला फोर्टमधल्या कॅसल बॅरॅक्समध्ये नाविक आणि फौजा यांच्यात गोळीबार झाला. ती जागा म्हणजे आजचं आय.एन.एस. आंग्रे. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, पण इंग्रजांच्या कागदपत्रांत आयुष्यभर 'पायरेट', समुद्री चाचा. इंग्रजांच्या जुन्या कोटाच्या जागेला आज त्या चाच्याचं नाव आहे. नाव कोण देतो याने किती फरक पडतो हे मुंबईत तरी वेगळं शिकवावं लागू नये.

जहाजी

नौदलाने आपल्या दोन टगबोटींना 'मदन सिंग' आणि 'बी. सी. दत्त' अशी नावं दिली आहेत, हेही लिहा. ज्या नौदलाच्या कायद्यात कलम ४२ आहे त्याच नौदलाने.

सनद_आणि_कलम

आणि शेवटी ही कागदाची बाजू, कारण शब्दाची किंमत तिथे रुपयांत ठरते. त्या लढ्यानंतर ४७६ नाविकांना नोकरीतून काढलं असा आकडा दिला जातो. स्वातंत्र्यानंतर त्यांना नौदलात परत घेतलं नाही. इंग्रज गेले, पण शेरा तसाच राहिला. पुढे केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनासाठी कोणकोणते लढे ग्राह्य धरायचे त्याची यादी केली. त्या यादीत हा लढा आहे. नाव काय दिलंय? 'रॉयल इंडियन नेव्ही म्युटिनी, १९४६'.

म्हणजे आपल्याच सरकारने 'म्युटिनी' हा शब्द स्वातंत्र्यलढ्याच्या यादीत बसवला. अक्षरओळख म्हणतात तसं हिसकावून घेतला म्हणा, की जुन्या फायलीतून उतरवून घेतला म्हणा. ज्या म्हाताऱ्या नाविकाला त्या यादीमुळे पेन्शन मिळालं असेल त्याला अर्जात तोच शब्द लिहावा लागला असणार.

किनारपट्टी

हे मला नवीन आहे. याच्यामुळे लेखाचा शेवटचा भाग बदलावा लागेल.

तूर्त ठरवलंय ते असं: १८ ते २० फेब्रुवारीपर्यंत 'संप' लिहायचं, कारण ते त्यांनी स्वतः घेतलेलं नाव. २१ ला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळी सुटली तिथून 'उठाव', २२ चं शहर धरून. 'म्युटिनी' फक्त इंग्रजी कागदपत्रांतून आणि या पेन्शनच्या यादीतून येईल तेव्हा, तसाच देवनागरीत. 'बंड' मी टाकत नाही, पण शीर्षकात घेणार नाही.

कुणाच्या घरी फोर्ट, कुलाबा, डोंगरी, भायखळा या भागांतल्या त्या आठवड्याच्या आठवणी असतील तर कृपया इथेच लिहा. नावं नकोत, फक्त काय पाहिलं ते.

अक्षरओळख

शीर्षकाबद्दल मी अजून भांडणार आहे. पण त्याआधी तुमच्या तारखांबद्दल. उठाव २१ पासून का? १९ लाच जहाजांवरचे युनियन जॅक उतरले होते. समिती निवडून झाली होती, नाविक लॉऱ्यांत बसून झेंडे घेऊन फोर्टात घोषणा देत फिरले होते. 'रॉयल इंडियन नेव्ही'ऐवजी 'इंडियन नॅशनल नेव्ही' म्हणायचं असं ठरलं होतं. झेंडा बदलणं हे कुठल्याही संपाच्या मागणीपत्रकात येत नाही. गोळी सुटली तेव्हापासून उठाव धरलात तर त्याची सुरुवात गोळी झाडणाऱ्याच्या हातात देताय. ती तारीख १९ करा.